पद्माबाईने मांडलेलं घर

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर आधी दिसतो तो फ्रीज. लालभडक, दारावर पांढऱ्या फुलांची वेल, कमरेला सुतळीचा फास, आणि हातगाड्यावर असा ताठ उभा की जणू नवरदेवच परण्याला निघालाय. मागे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, भिंती निळ्या, चौकटीच्या वर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. उजव्या अंगाला लिंबाचं झाड, त्याच्या सावलीत शेजारची शेळी. डावीकडच्या बोळातून दोन पुरुष घामाघूम होऊन गाडा ढकलत येतात. आणि मधोमध, पदर कमरेला खोचून, एक बाई उभी आहे. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंग काटक, नजर अशी की समोरच्याने खिशातला हात आपसूक बाहेर काढावा.

ही पद्माबाई. वारंगा फाट्यापासून तीन किलोमीटर आत असलेल्या गावच्या शाळेत खिचडी शिजवणारी.

"हळू रे धर्मसिंग! शिवकन्याचा जीव हाय त्या फ्रीजात. ओरखडा आला तर ती मला जित्ती ठेवायची न्हाई."

"आन् माझी कंबर मोडली तर माझी बायको तुमाला जित्ती ठेवायची न्हाई," धर्मसिंग धापा टाकत म्हणाला. हा शेजारच्या तांड्यावरचा, फाटा ते कळमनुरी जीप चालवणारा, मिशीला रोज तेल लावणारा माणूस. "कुटं ठेवू हे धूड?"

"दारासमोर. आत पाय टाकला की पयलं तेच दिसलं पायजे."

दुसरा गाडेवाला विश्वंभर. शिवकन्याचा नवरा, म्हणजे फ्रीजचा मालक. त्याने आपली मोटरसायकल सकाळीच आणून अंगणात लावली होती. शाळेतून चार खुर्च्या आल्या होत्या. पद्माबाईच्या अंगावर शिवकन्याची जांभळी साडी होती, नेसूनही परकी वाटणारी. सगळं नेपथ्य उसनं. आणि हे सगळं कशासाठी, तर दुपारी दोन माणसं घर पाहायला येणार होती म्हणून.

आता कुणी म्हणेल, गरिबाने चार खुर्च्या उसन्या आणल्या तर त्यात नवल काय? पाहुण्याला खाली बसवू नये ही रीतच आहे. पण पद्माबाईचा बेत नुसत्या रीतीचा नव्हता. तिला पाहुण्यांना धाक घालायचा होता.

पद्माबाईचा जगावर विश्वास नव्हता आणि जगाने तो कमावलाही नव्हता. खिचडीचा तांदूळ आला की ती पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ बाहेर काढून बघायची. फोनवर गोड आवाज आला की "तुमचा नंबर माझ्यापशी हाय, पोलिसात देते" असं आधी सांगायची आणि मग कोण बोलतंय ते विचारायची. पण ती जन्मापासून अशी नव्हती. तिला अशी केली ती थोरल्या सपनाच्या कागदांनी.

पाच वर्षांपूर्वी गावात एक माणूस फाइल घेऊन आला होता. नर्सिंगचं कॉलेज आहे म्हणाला. फी नाही, राहणं फुकट, गरिबांच्या लेकरांसाठीच आहे म्हणाला. सपनाची टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला, सगळं अस्सल त्याने फाइलीत घातलं. कॉलेज म्हणजे एका दुकानावरचा हॉल निघाला. शिकवायला कुणी नाही, फक्त सह्या करायला वही. सपनाच्या नावावर सरकारची स्कॉलरशिप आली ती तिने डोळ्यांनी पाहिलीच नाही. पोरगी परत आली, कागद नाही आले. पद्माबाई अकरा वेळा त्या हॉलच्या पायऱ्या चढली. दर वेळी तिथला कारकून वर न बघता म्हणायचा, "सोमवारी या." कागदांवाचून सपनाचं शिक्षण तिथेच थांबलं. लग्न होऊन ती सेनगावकडे गेली, आता कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते.

त्या अकरा फेऱ्यांत पद्माबाईने एक गोष्ट मनाशी पक्की केली. अकराव्या फेरीला तिच्यादेखत दुसरा एक बाप आला, पांढरे कपडे, जीप, मागे चार माणसं. त्याला त्याच दिवशी कागद मिळाले. म्हणजे लुबाडणारा आधी बघतो, हिच्या मागं कुणी हाय का? नाही असं दिसलं की मगच हात घालतो.

आणि आता धाकट्या पुनमच्या बाबतीत पुन्हा तेच शब्द तिच्या कानावर आले होते. पुनम बारावी सायन्सला शाळेत पहिली आली होती. 'दुसरी पायरी' नावाच्या कुठल्याशा संस्थेची परीक्षा तिने दिली, मुलाखत दिली, दोन्हीत पास झाली. पुण्यात कॉलेज, तीन वर्षं फी, हॉस्टेल, जेवण, आणि अडलं-नडलं बघायला वरच्या वर्गातली एक ताई. सगळं संस्थेचं. आता फक्त गृहभेट उरली होती. ती झाली की नाव यादीत.

"फी न्हाई?" पद्माबाईने विचारलं होतं.

"न्हाई."

"राहणं फुकट?"

"व्हय माय."

"गरिबाच्या लेकरांसाठीच हाय?"

"व्हय म्हणते न मी!"

"सपनीच्या टायमाला बराबर हेच बोलले होते. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई."

पुनमने कपाळावर हात मारला. "माय, ते येगळे होते. हे खरे हायत. आपल्या शाळेतली प्रीती तिथंच शिकून राहिली."

"प्रीतीला तू पुण्यात बघितली? का फोनात बघितली?"

प्रीतीला पुनमने फोनातच पाहिलं होतं.

"आन् शिकणार पोरगी. मग घर काहून पाह्यचं? घर थोडंच शिकणार हाय?"

"परिस्थिती बघत्यात, माय. आपण गरीब हाय का न्हाई ते."

पद्माबाई उठून चुलीकडे गेली. पुनमला वाटलं, पटलं. पण पद्माबाईच्या मनात वेगळंच शिजत होतं. हिच्या मागं कुणी हाय का न्हाई, तेच बघायला येऊन राहिले. बघू दे. चांगलं डोळे भरून बघू दे.

गृहभेटीच्या दिवशी, गुरुवारी, पुनमला जातीच्या दाखल्याच्या कामाला कळमनुरीला जायचं होतंच. "दुपारपत्तर ये," म्हणत आईने तिला सकाळच्या पहिल्या जीपमध्ये बसवलं आणि ती जीप वळणाआड गेल्याबरोबर शिवकन्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

शिवकन्या ही शेतकऱ्याघरची, मनाने मोकळी. तिने फक्त विचारलं, "पोरीला बघायला येऊन राहिले का?"

"तसंच समज."

"मंग ने की. दूध तेवढं काढून घेते."

उसन्या वस्तूंची जादू पद्माबाईला नवऱ्यामुळे ठाऊक होती. सोनाजी गेला त्याला सात वर्षं झाली. आडतीवर पोती उचलणारा माणूस, पण जयंतीच्या नाटकात दर वर्षी उभा राहायचा. काय दिवस होते ते! चार लाकडी बाजा जोडून स्टेज, सतरंजीचा पडदा, तोंडाला झिंक ऑक्साइड, आणि पुढे अख्खा गाव मांडी घालून. एका वर्षी सोनाजीला तहसीलदाराचं काम मिळालं. कोट मास्तरांचा, चष्मा पोस्टमनचा, बूट कुणाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो कोट चढवून सोनाजी आला आणि पहिल्या रांगेतला, एरवी त्याला अरे-तुरे करणारा सावकाराचा पोरगा पाय आखडून घेऊन सरळ बसला. पद्माबाई नवी नवरी होती, तिने ते पाहिलं होतं. कोट माणसाचा नसला तरी चालतो. तो अंगात बसला पाहिजे.

तिचं नेपथ्य बाराच्या सुमाराला बांधून झालं. एकच अडचण. फ्रीजच्या वायरीची जाड पिन घरातल्या एकुलत्या बोर्डात जाईना. पद्माबाईने वायर फ्रीजमागे दडवली, आत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि दार लावलं.

"धर्मसिंग, तू मामा."

"कुणाचा?"

"पुनमचा. माझा भाऊ. खुर्चीत बसायचं, मिशीवर हात फिरवायचा, बोलायचं कायबी न्हाई."

"कायबीच न्हाई?"

"एक शब्द न्हाई."

धर्मसिंगचा चेहरा उतरला. ज्याने नाटकं बसवली आहेत त्याला हा चेहरा ओळखीचा असतो. मुक्या भूमिकेवर खूश असलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

दीड वाजता एका जुन्या स्कूटीवरून दोघं आली. पुढे तिशीतला एक माणूस, खांद्याला शबनम, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मागे विशी-बाविशीची मुलगी, हातात पॅड आणि त्यावर फॉर्म.

"जय भीम, मावशी. मी रत्नपाल. ह्या प्रतिक्षा मॅडम. 'दुसरी पायरी'कडून आलो."

"जय भीम. बसा. खुर्चीत बसा." पद्माबाईने मुद्दाम आवाज चढवला. "हे पुनमचे मामा."

रत्नपालने हात जोडले. "नाव काय मामांचं?"

"धर्मसिंग!" मामा गरजला.

रत्नपालने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा तसबिरींकडे, एकदा पद्माबाईकडे.

"राखी बांधते मी त्याला," पद्माबाई म्हणाली.

"असं होय," तो म्हणाला. पण प्रतिक्षाचं पेन फॉर्मवर सरकलं, आणि पद्माबाईची नजर त्या पेनामागे गेली. काय लिहिलं हिने? माझं नाव तर मी सांगितलंच न्हाई अजून.

"पाणी मिळेल का काकू?" प्रतिक्षाने विचारलं.

"फ्रीजातलं द्या, फ्रीजातलं!" मामाने ऑर्डर सोडली. एक शब्द बोलायचा नव्हता, त्याचे चार झाले होते.

पद्माबाईने ऐटीत दार उघडलं, बाटली काढली. प्रतिक्षाने घोट घेतला आणि बाटलीकडे पाहिलं. पाणी जूनच्या उन्हासारखं कोमट.

"लाइट नाहीये का?"

"न्हाई न. सकाळधरून गेली."

डोक्यावर पंखा गरगरत होता. प्रतिक्षाने मान वर केली, पंखा बघितला, मान खाली केली, आणि लिहिलं. बाई काहीतरी लपवते आहे, हे तिला कळलं. फक्त काय लपवते आहे, ते नेमकं उलटं कळलं: गरिबी नव्हे, पैसा.

रत्नपाल मऊ आवाजात एकेक विचारत गेला. घरात कमावतं कोण? शाळेतलं मानधन किती? मोटरसायकल कुणाची? "आमचीच," पद्माबाई म्हणाली. आणि शेती?

उत्पन्नाच्या दाखल्यावर 'भूमिहीन' लिहिलेलं होतं, ते पद्माबाईला ठाऊक होतं. ती अडखळली. नाटकात अशी एक घटका येते. मुख्य पात्र वाक्य विसरतं आणि कोपऱ्यात भाला धरून उभ्या असलेल्या शिपायाला वाटतं, हीच माझी संधी.

"चार एकर हाय!" धर्मसिंग खुर्चीतून पुढे सरकला. "बागायत! हळद लावती दर साली! माझी बहीण म्हणजे काय समजलात तुमी?"

प्रतिक्षाचं पेन पुन्हा सरकलं. रत्नपालच्या चेहऱ्यावरचा मऊपणा हळूहळू मावळला.

"दाखल्यावर तर शेती नाही म्हटलंय, मावशी."

पद्माबाईने एकदम फळीवरचा पत्र्याचा डबा काढून मांडीवर उघडला. त्यात पुनमचे सगळे अस्सल कागद होते. हा तिचा शेवटचा सापळा. ज्याचा हात आधी कागदांकडे जातो तो चोर. "कागद बघा की. टीसी हाय, गुणपत्रिका हाय. घेऊन जा पायजे तर."

"नको, नको." रत्नपालने हात मागे घेतला. "अस्सल कुणाच्याच हातात देऊ नका. आमच्याही नाही. झेरॉक्स आहेत आमच्याकडे."

सापळा रिकामाच मिटला. पद्माबाई डब्याकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी हे वाक्य तिला म्हणालं होतं, आणि आता तिला कळेना की समोरच्या माणसाकडे कोणत्या नजरेनं बघायचं.

तेवढ्यात दारात पुनम उभी राहिली. उन्हाने लाल झालेली, हातात पावती. तिने फ्रीज पाहिला. मोटरसायकल ती बाहेर बघूनच आली होती. मग जांभळ्या साडीतली आई, मग मामा. तोंड उघडलं तर आई खोटी ठरणार होती, आणि गप्प राहिलं तर स्वतःचं पुणं जाणार होतं. ती गप्प राहिली. पद्माबाईने लेकीचा चेहरा बघितला आणि प्रयोग पडला हे तिला त्या क्षणी समजलं. का पडला, ते मात्र नाही.

पाहुणे चहा न घेता गेले.

"बराबर बोललो न मी?" धर्मसिंगने मिशीला पीळ दिला.

"मामा, तुमी घरी जा," पुनम म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फ्रीजला पाठ लावून खाली बसली आणि शांतपणे सांगू लागली. "माय, त्यांच्या कागदावर खाने असत्यात. फ्रीज हाय का, गाडी हाय का, शेती हाय का. न्हाई, न्हाई, न्हाई असं आलं तर पोरगी आत. हाय, हाय, हाय आलं की बाहेर."

"असं कुटं असतं का?" पद्माबाईला खरंच पटेना. "ज्याच्याकडं न्हाई त्याला घ्यायचं आन् ज्याच्याकडं हाय त्याला सोडायचं? आजपत्तर उलटंच बघितलं की मी."

"म्हणून तर ते येगळे, माय."

पद्माबाईने जांभळ्या साडीचा पदर बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. अस्सल कुणाच्याच हातात देऊ नका. आमच्याही नाही. ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

शनिवारी सकाळी पुनमच्या फोनवर निरोप आला. अर्ज थांबवला आहे. यादी सोमवारी पुण्याला जाईल.

पुनमने फोन उशाखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पद्माबाईने शाळेतल्या दुसऱ्या बाईला खिचडी सांभाळायला सांगितली, आपली रोजची विटकी साडी नेसली आणि धर्मसिंगच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसली.

"मी येऊ का वर? सांगतो त्यायला समजावून," कळमनुरीला उतरताना धर्मसिंग म्हणाला.

"तू एक शब्द बोललास तर तुझी मिशी हातात देईन."

ऑफिस बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावर. पुन्हा दुकानावरची खोली, पुन्हा पायऱ्या. पद्माबाईचे पाय पहिल्या पायरीवर थबकले. सपनाच्या वेळच्या अकरा फेऱ्या तिच्या गुडघ्यांत जिवंत होत्या. मग ती चढली.

खोलीत सतरंजीवर पाच-सहा मुली आपापल्या आयांसोबत बसल्या होत्या. टेबलापलीकडे रत्नपाल, शेजारी प्रतिक्षा. आजवर पद्माबाईने चार लोकांत 'माझ्याकडं न्हाई' हे शब्द तोंडातून काढले नव्हते. रेशनच्या रांगेतसुद्धा ती मान ताठ ठेवून उभी राहायची. ते शब्द काढणं तिला एखाद्या सभेत अंगावरचं लुगडं सोडण्यासारखं वाटत होतं.

"या मावशी," रत्नपाल म्हणाला. आवाज थंड होता.

"तो फ्रीज आमचा न्हाई."

सगळ्या आयांनी माना वळवल्या.

"शिवकन्याचा हाय. गाडी तिच्या नवऱ्याची. खुर्च्या शाळेच्या. साडी बी शिवकन्याचीच होती."

रत्नपालने पेन खाली ठेवलं. "आणि मामा?"

"मामा बी न्हाई. जीप चालवतो."

सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि ती चार एकर बागायत?"

"ती तर धर्मसिंगाची बी न्हाई!"

आता सगळी खोलीच हसली, आया, मुली, दारातला झेरॉक्सवाला. पद्माबाई हसली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"हसा. पण थोरल्या पोरीचे कागद माझे असेच गेले," ती म्हणाली. "गरिबासाठी हाय म्हणून आले आन् नेले. माज्या मागं कुणी न्हाई हे दिसलं त्यायला, म्हणून नेले. म्हटलं, ह्या पोरीच्या येळंला दिसू द्यायचं न्हाई. माज्या घरात कायबी न्हाई, साहेब. एक डबा हाय कागदांचा. आन् ती पोरगी हाय."

हसू आपोआप विरलं. सतरंजीवरच्या एका आईने पदर डोळ्यांकडे नेला आणि तो तिथेच राहिला.

रत्नपालने खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. बोलली ती प्रतिक्षा, आणि तिचाही दोष नव्हता. "काकू, वाईट मानू नका. पण गुरुवारी दाखवलं ते खरं की आज सांगता ते खरं, हे आम्ही कसं ठरवायचं? मागच्या महिन्यात एका घरात कडब्याच्या गंजीमागे फ्रीज सापडला. टीव्ही गोधड्यांत गुंडाळलेला. ती बाईसुद्धा आमच्यापुढे अशीच रडली होती."

"मी रडून न्हाई राहिले," पद्माबाई म्हणाली.

"तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवत नाही, आम्ही तुमच्यावर कसा ठेवू?"

हे मात्र पद्माबाईला पटलं. तिने मान डोलावली. पोरगी हुशार होती. तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालणारी होती.

"नियम असा आहे, मावशी," रत्नपालने फॉर्म जवळ ओढला. "एकदा 'नाही' झालं की दुसरी भेट मिळते, पण एकच. त्या भेटीत जे दिसेल ते आम्ही लिहिणार, तेच पुण्याला जाणार. यादी सोमवारी निघते. म्हणजे आज संध्याकाळ, नाहीतर उद्याचा दिवस." त्याने कोरा फॉर्म काढला, वर पुनमचं नाव लिहिलं, आणि तारखेच्या रकान्यावर पेन टेकवलं. "सांगा, कधी येऊ?"

पद्माबाई उत्तर न देता दारापर्यंत गेली, आणि तिथूनच वळली.

"सांगून येऊ नका. सांगितलं की मी पुन्हा कायतरी मांडून बसीन."